लेबल गेलेल्या रेकॉर्डी

आमच्या घरात रेकॉर्डी वाजवत नाहीत, धुतात. माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बायका क्लचवर पाय ठेवून नवऱ्याच्या तक्रारी सांगायला लागल्या की मी मुकाट्याने ऐकून घेते. कुणाचा पितो, कुणाचा नुसताच झोपतो, कुणाचा आईला विचारल्याशिवाय बूटसुद्धा घेत नाही. माझा नवरा निर्व्यसनी आहे. तो फक्त बाथरूममध्ये स्टुलावर बसून काळ्या तबकड्यांना आंघोळ घालतो. आता हे कुणाला आणि कुठल्या तोंडाने सांगायचं?

तो पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत अधिकारी आहे. साऱ्या गावाच्या नळाला येणारं पाणी पिण्यासारखं आहे असा शिक्का तोच मारतो. पण रेकॉर्डीसाठी ते पाणी चालत नाही. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटरचे कॅन येतात. हे मी एकदा पाहुण्यांना सांगितलं, तर त्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. पहिल्या पाण्यात भिजवायचं, मऊ ब्रशने गोल गोल घासायचं, दुसऱ्या पाण्यात विसळायचं, तिसऱ्या पाण्यात पुन्हा विसळायचं, मग माझ्या ताटं निथळायच्या जाळीत उभं करून वाळवायचं. वाळल्यावर रेकॉर्डीला म्हणे विश्रांती लागते. हे सगळं करताना तो डोक्याला प्लास्टिकची टोपी घालतो, रेकॉर्डीवर केस पडू नयेत म्हणून. पडण्यासारखे फार उरलेले नाहीत, पण मी ते बोलून दाखवत नाही. आमची ताटं मात्र तेव्हापासून ओट्यावर आडवी पडलेली असतात.

बरं, एवढं धुतल्यावर रेकॉर्ड ऐकायची असते, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. तसं नसतं. नवरा ज्या मंडळाचा सभासद आहे त्याचं नाव स्वच्छ तबकडी मंडळ. अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत, चिटणीस एका शाळेचे मुख्याध्यापक, आणि आमचे चिरंजीव, म्हणजे माझ्या सासूचे, शुद्धीप्रमुख. दर महिन्याला एका रविवारी ही मंडळी कुणा ना कुणाच्या घरी जमतात आणि तिथल्या रेकॉर्डी तपासतात. कशा? सुई रेकॉर्डीवर टेकल्यापासून गाणं सुरू होईपर्यंत थोडी रिकामी जागा असते ना, ती ऐकतात. डोळे मिटून ऐकतात. पहिला सूर आला रे आला की अध्यक्ष दोन बोटांनी सुई उचलतात, कारण वाजवली की रेकॉर्ड झिजते. मग चर्चा.

"काय शांतता आहे!"

"तळाशी जरा खरखर वाटली मला."

"ती तुमच्या छातीतली असेल. खोकला बरा नाही झाला का अजून?"

मग हात वर करून मतं घेतात, मग चहा. वर्षानुवर्षं यांची दोस्ती, पण एकाही माणसाने दुसऱ्याच्या घरी एक गाणं सबंध ऐकलेलं नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "मग गाणं ऐकता कधी?" अध्यक्षांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "वहिनी," ते म्हणाले, "गाणं काय हो, फोनवरसुद्धा ऐकता येतं."

मी चहाचे कप गोळा केले आणि आत गेले. हात टेकले म्हणतात ते मी त्या दिवशी टेकले.

हे असंच चाललं असतं आणि माझं काही बिघडलं नसतं. घोळ झाला तो बाबा आले तेव्हा.

माझ्या बाबांचं केस कापायचं दुकान होतं. दुकानात एक रेकॉर्डप्लेअर होता आणि तो सकाळी शटर वर गेलं की सुरू व्हायचा. बाबा शब्द असलेलं गाणं कधीच लावायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, गाण्याला शब्द असले की गिऱ्हाईक गुणगुणायला लागतं, मान डोलवतं, आणि गळ्यावर वस्तरा असतो. म्हणून नुसती वाद्यं. बासरी, सतार, सनई, पुन्हा बासरी. दुकान बंद व्हायच्या वेळी आई झाडायला म्हणून जायची. मग दोघं त्या फिरत्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून एक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकायची आणि मगच घरी यायची. आम्ही भावंडं घरी भुकेने वैतागलेली असायचो. आईला विचारलं तर म्हणायची, "केस फार पडले होते आज."

आई गेली. बाबा एकटे राहायला लागले आणि एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरून पडले. दुपारभर तसेच पडून होते. शेजारच्या बाईंना नळ वाहत असल्याचा आवाज आला म्हणून कळलं. हाड मोडलं नाही हे नशीब. मी त्यांना घेऊन यायला गेले तर ते यायला तयार होईनात. जावयाच्या घरी फुकट बसून खायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मी रडले, भांडले, शेवटी अबोला धरला, तेव्हा म्हणाले, "येतो. पण संध्याकाळी एक रेकॉर्ड लावायची. दोन्ही बाजू. तेवढं जमणार असेल तर सांग."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्या जावयाकडे असला रेकॉर्डप्लेअर आहे की बघत राहाल." हे खरंच होतं. बघतच राहायचं असतं त्याच्याकडे.

बाबा एक कपड्यांची बॅग आणि भाजीच्या क्रेटमध्ये भरलेल्या रेकॉर्डी घेऊन आले. नवऱ्याने पहिली रेकॉर्ड कव्हरातून काढली, दिव्याखाली तिरकी धरली आणि त्याचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातसुद्धा उजळला नव्हता. खाचांमध्ये टाल्कम पावडर होती. तेल होतं. आणि केस होते. पांढरे, काळे, मेंदीने लाल केलेले, अख्ख्या बाजारपेठेच्या मिशांचे बारीक तुकडे. त्याने तिथल्या तिथे अध्यक्षांना फोन लावला. "असा मळ आयुष्यात बघितला नाही," तो म्हणत होता आणि आनंदाने त्याचा आवाज कापत होता.

संध्याकाळी बाबा धुतलेला सदरा घालून रेकॉर्डप्लेअरसमोर येऊन बसले.

"बाबा, आज नको," नवरा म्हणाला. "आधी धुवायला हव्यात. अशा लावल्या तर सुईचं वाटोळं होईल."

"धुवा की," बाबा म्हणाले. "थांबतो मी."

त्यांना वाटलं, फडकं मारायचं असेल.

दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा येऊन बसले. रेकॉर्ड पहिल्या पाण्यात होती. तिसऱ्या संध्याकाळी ती जाळीत होती. त्यानंतर तिला विश्रांती चालू होती. मग नवऱ्याने ती भिंगाखाली घातली आणि एक केस राहिला होता म्हणून पुन्हा पहिल्या पाण्यात. बाबा रोज सदरा घालून यायचे, थोडा वेळ बसायचे आणि परत आपल्या खोलीत जायचे. मी चिडायचे, नवरा म्हणायचा, "अगं, मी त्यांच्याचसाठी करतोय ना!" आणि गंमत म्हणजे त्याला ते मनापासून वाटत होतं. घाणेरडी रेकॉर्ड ऐकवणं म्हणजे सासऱ्यांना उष्टं ताट वाढणं, असं त्याचं मत.

एका सकाळी मी क्लासला निघाले तर बाबांची बॅग दाराशी भरून ठेवलेली.

"हे काय?"

"रविवारपर्यंत बघतो," बाबा म्हणाले. "सोमवारी निघतो. रागावून नव्हे गं. पण मला इथे कामच नाही काही. तू बाहेर, तो बाहेर, संध्याकाळी त्याच्या आंघोळी. मी आपला नुसता सदरा बदलतो."

"आणि परत पडलात तर? या वेळी नळ चालू नसला तर?"

बाबांनी बॅग आणखी भिंतीकडे सरकवली. त्या दिवशी शिकायला आलेल्या बाईने गाडी फुटपाथवर घातली, आणि माझ्या बाजूला असलेला ब्रेक मारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला फैलावर घेतलं. "रविवारच्या आत या रेकॉर्डी वाजल्या नाहीत आणि बाबा त्या घरी परत गेले," मी म्हटलं, "तर तुझं मंडळ, तुझे ब्रश आणि तुझी टोपी, सगळं मी त्या टबात बुडवीन. तू आत असताना."

त्याला माझं बोलणं लागलं. आणि माणूस कासावीस झाला की करतो तेच त्याने केलं, घाई केली. एरवी एका वेळी एक रेकॉर्ड धुणाऱ्या या माणसाने शनिवारी कपडे धुवायचा मोठा टब घेतला, गरम पाण्यात स्वतः तयार केलेलं कसलंसं द्रावण ओतलं आणि बाबांच्या सगळ्याच्या सगळ्या रेकॉर्डी एकदम आत आडव्या टाकल्या. थोडा वेळ भिजवून लगेच काढायच्या, असा बेत होता. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. केस हा धुळीचा प्रकार धरायचा की वेगळा, यावर मंडळात दोन तट पडले होते. शुद्धीप्रमुखाचं मत हवं होतं. शुद्धीप्रमुखाने मत दिलं. सविस्तर दिलं. खोलीत येरझारा घालत, दाखले देत दिलं.

मी क्लासहून आले तेव्हा तो टबाशी उभा होता आणि पाणी गुलाबी झालं होतं. कुठे निळं, कुठे हिरवट. रेकॉर्डीच्या मधोमध कागदाचं गोल लेबल असतं, ज्यावर वाजवणाऱ्याचं नाव असतं, त्या सगळ्या लेबलांचा रंग पाण्यात उतरला होता. त्याने एक रेकॉर्ड बाहेर काढली आणि टॉवेलने हलकेच टिपली. लेबल लगदा होऊन टॉवेलला चिकटलं. दुसरीचंही तेच. शेवटी जाळीत उभ्या राहिल्या त्या नुसत्या काळ्याभोर, चकचकीत, एकसारख्या तबकड्या. इतक्या स्वच्छ रेकॉर्डी त्याने जन्मात धुतल्या नव्हत्या. पलंगावर रिकामी कव्हरं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर वेगळा फोटो, वेगळं नाव. कुठली तबकडी कुठल्या कव्हरातली, हे सांगायला काही म्हणता काही उरलं नव्हतं.

"लावून बघ ना," मी म्हटलं. "ऐकलं की कळेल."

त्याने एक लावली. घाम पुसत ऐकली. बराच वेळ विचार करून म्हणाला, "बासरी आहे."

"ते मलाही कळतंय. कुणाची?"

तो कव्हरांकडे बघत राहिला. निम्म्या कव्हरांवर बासरीवालेच होते. रेकॉर्डीच्या खाचेत किती धूळ आहे हे नुसत्या नजरेने सांगणारा माणूस, पण खाचेत गाणं कुठलं आहे हे त्याच्या बापजन्मी त्याने बघितलं नव्हतं. मलाही येईना. दुकानात मुलींना जायची बंदी होती, सूर कानावर पडलेले होते, पण नावं मला कुणी सांगितलेली नव्हती. नवरा उलट्या बादलीवर बसला आणि त्याने डोक्याला हात लावला. टोपी अजून डोक्यावरच होती.

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी टब बघितला, जाळी बघितली, जावयाकडे बघितलं. मला वाटलं, आता आवाज चढणार. आईबरोबर ऐकलेल्या त्या रेकॉर्डी होत्या. पण आवाज चढला नाही.

"बाबा," नवरा म्हणाला, आणि मान काही वर केली नाही. "माझ्या हातून फार मोठी चूक झाली. तुम्ही... ऐकून ओळखाल का हो?"

बाबांनी कान खाजवला. "बघू," ते म्हणाले. "प्रयत्न करतो. कान काही पूर्वीचे राहिले नाहीत."

त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा रेकॉर्ड सबंध वाजली. बाबा सदरा घालून खुर्चीत बसले, नवरा कव्हरं मांडीवर घेऊन समोर. सुई टेकली, बासरी सुरू झाली. नवऱ्याचा हात सवयीने सुईकडे गेला.

"चालू दे," बाबा म्हणाले. "इतक्यात नाही सांगता येत."

बाजू संपली. "आता दुसरी लावा. त्याशिवाय खात्री नाही."

दुसरी बाजूही संपली. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं, एका कव्हरावर बोट ठेवलं. "ही असावी," ते म्हणाले. मी दारात उभी राहून सगळं बघत होते. बासरी चालू असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर कात्रीसारखी चालत होती, एका लयीत, न चुकता. सूर कुठे वळणार हे त्या बोटांना सुराच्या आधी कळत होतं.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, कधी ओळखली होती?"

"पहिल्याच फुंकरीला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की सुई उचलतो गं तुझा नवरा," बाबा म्हणाले आणि शांतपणे पाणी प्यायले.

मला इतकं हसू आलं की मी तोंडावर हात दाबून खाली बसले. पण बाबा हसले नाहीत. "बॅग तिथेच असू दे," ते म्हणाले. "हे काम आहे तोवर मी आहे. संपलं की निघेन. उपयोगी पडतोय तोवर राहायला काही वाटत नाही."

म्हणजे जाळीतल्या रेकॉर्डी संपल्या की बाबा जाणार. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. रोज संध्याकाळी एक रेकॉर्ड कव्हरात जायची आणि मला वाटायचं, ती परत काढून कुठेतरी लपवावी. बाबाही तसे काही घाईत नव्हते. मधेच म्हणायचे, "परवाची ती सतार मी चुकीची सांगितली बहुतेक. पुन्हा एकदा लावून बघू." ती पुन्हा लागायची. दोन्ही बाजू.

आणि नवरा? तो मुकाट्याने लावायचा. घाई करायचा नाही, की शंका घ्यायचा नाही. बाबा म्हणाले ही असावी की तो मान डोलवून त्या कव्हरात रेकॉर्ड घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले चुकलं की मान डोलवून बाहेर काढायचा. एक म्हातारा माणूस आपल्याला डोळ्यांदेखत बनवतोय हे त्याला कळत नाही, याचं मला एकीकडे बरं वाटायचं आणि दुसरीकडे लाज. याच्याशी मी संसार केला! एकदा मी त्याला चाचपडून बघितलं. "गाणं ऐकवलं की फोन नाव सांगतो म्हणे. तसं का नाही करत?"

"फोन चुकतो," तो म्हणाला. "बाबा चुकत नाहीत."

परवाच चुकले होते, हे मी त्याला सांगितलं नाही. भोळा तो भोळा, मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

जाळी निम्मी रिकामी झाली होती तेव्हा मंडळाचा रविवार आमच्या घरी आला. दाराच्या बाहेर चपलांचा ढीग पडला. बाबा आपल्या खुर्चीत बसून राहिले, कारण ती खुर्ची आता त्यांची झाली होती. मंडळाने शांतता ऐकायला सुरुवात केली. अध्यक्षांनी जाळीतून एक काळी तबकडी उचलली आणि ते थबकले.

"लेबल कुठे आहे?"

नवऱ्याने सगळं सांगितलं. टब, द्रावण, फोन. मंडळी हळहळली. आपल्या फोनमुळे हे झालं, असं अध्यक्षांना काही वाटल्याचं दिसलं नाही. "मग आता?" त्यांनी विचारलं.

"बाबा ऐकून ओळखतात. रोज एक."

"रोज एक!" अध्यक्ष हसायलाच लागले. दाताची पोकळी बघायचा छोटा दिवा ते खिशातच ठेवतात. तो त्यांनी लावला आणि रेकॉर्डीच्या मधल्या भागावर तिरका धरला. "अहो, गाणं संपतं तिथे ही रिकामी पट्टी आहे ना, तिच्यावर नंबर कोरलेला असतो. तोच नंबर कव्हरावर छापलेला असतो. जुळवला की झालं. ऐकायची गरजच काय?"

"आणि गंमत बघा," चिटणीस म्हणाले, "हे आपल्याला सांगितलं कुणी? यांनीच! वार्षिक सभेत. फळ्यावर आकृती काढून. चहा गार झाला होता सगळ्यांचा."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मी तो टेबलावर ठेवला. मी नवऱ्याकडे बघितलं. ज्याने त्या नंबरावर भाषण ठोकलं होतं, तो बादलीवर डोकं धरून बसल्या बसल्याच हे विसरला असेल? एक वेळ पहिल्या संध्याकाळी विसरला असेल. दुसऱ्या दिवशी? त्यानंतर इतके दिवस? भिंग तर कायम त्याच्या टेबलावर असतं. मी ज्याला भोळा समजत होते तो रोज संध्याकाळी जाणूनबुजून मान डोलवत होता, आणि याचं कारण दाराशी भरून ठेवलेलं होतं.

बाबाही त्याच्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते, आता उठणार असे. नंबर असतो म्हटल्यावर त्यांचं काम संपलं होतं.

"मी सांगितलं?" नवरा म्हणाला. "छे. दुसरं कुणी असेल."

"अहो, असं काय करता? तुम्हीच!" चिटणीस म्हणाले. "आकृतीत बाण काढले होते तुम्ही."

"असेल मग. मला काही आठवत नाही."

"आठवायचं कशाला, समोर आहे की," अध्यक्षांनी रेकॉर्ड आणि दिवा त्याच्या नाकासमोर धरला. "हा बघा. दिसला?"

नवऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. पाण्याच्या थेंबातला किडा पकडणारा हा माणूस बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. कपाळावरून घाम ओघळून त्याच्या कानामागे गेला.

"नाही दिसत," तो म्हणाला.

कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. मुख्याध्यापकांनी शाळेत पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की त्याला दिसतोय, तुम्हा सगळ्यांच्या आधीपासून दिसतोय. पण तसं सांगितलं असतं तर त्याने केलेलं सगळं मीच पाण्यात घातलं असतं. मी मूग गिळून उभी राहिले. माझ्या आयुष्यात हे मला क्वचितच जमलं आहे.

"कमाल आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण पदाची जाणीव झाली. "शुद्धीप्रमुखाने लेबलं विरघळवायची, शुद्धीप्रमुखाला नंबर दिसत नाही. बाहेर कळलं तर मंडळाची काय शोभा राहील? मला वाटतं, हे पद तूर्त चिटणिसांकडे द्यावं. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. मंडळाचा एक खास ब्रश असतो, तो शुद्धीप्रमुखाच्या ताब्यात असतो. नवरा आत गेला, ब्रश घेऊन आला आणि चिटणिसांच्या हातात दिला. देताना त्याने ब्रशच्या केसांवरून एकदा बोट फिरवलं, ते सरळ आहेत की नाही बघायला. त्याचा पडलेला चेहरा बघून मला भडभडून आलं. तीन पाण्यांच्या त्या आंघोळींना मी इतकी नावं ठेवली होती, पण या माणसाला जगात कुणी मान दिला असेल तर तो याच लोकांनी, याच कारणासाठी.

अध्यक्ष बाबांकडे वळले. "आजोबा, तुम्हाला उगाच अडकवून ठेवलं इतके दिवस. आम्ही सगळे बसतो, आत्ताच्या आत्ता नंबर जुळवून देतो. तुम्ही मोकळे."

"नको," नवरा म्हणाला.

त्याचा आवाज एवढा चढला की अध्यक्षांच्या हातातला दिवा हलला.

"या घरात रेकॉर्डी बाबा ओळखतात," तो म्हणाला. "बाकी कुणी हात लावायचा नाही."

मंडळींनी चहा उभ्यानेच घेतला. बाहेर चपला शोधताना ते काहीतरी कुजबुजले आणि पुन्हा हसले. मग जिन्यावरून त्यांचे पाय उतरत गेले.

संध्याकाळी बाबा सदरा घालून आले. नवऱ्याने नेहमीसारखी जाळीतून एक रेकॉर्ड घेतली, लावली, कव्हरं मांडीवर घेऊन बसला. सुई टेकली. अध्यक्षांनी मान डोलवावी अशी ती शांतता होती. मग सनई सुरू झाली.

"खालून तिसरं कव्हर," बाबा म्हणाले. "लाल काठाचं."

नवऱ्याने मान वर केली.

"ओळखली मी," बाबा म्हणाले. "सगळ्याच ओळखतो. पहिल्या दिवसापासून."

"माहीत आहे," नवरा म्हणाला.

"आणि नंबर?"

नवरा कव्हरं सारखी करत बसला. ती सारखीच होती.

"ठेवा ती खाली, जावईबापू," बाबा म्हणाले. "शोधायचं काही नाही आता. ही संपली की दुसरी बाजू लावा. आणि उद्या ती सतार. चुकीची सांगितली होती ती नव्हे, बरोबर सांगितली होती ती."

नवऱ्याने कव्हरं खाली ठेवली. काय करावं त्याला समजेना, कारण गाणं चालू असताना नुसतं बसायची त्याला सवय नव्हती. थोडा वेळ त्याचे हात तसेच अधांतरी राहिले, मग त्याने ते मांडीवर ठेवले आणि तो मागे टेकून बसला. मी स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरच्या आडव्या ताटांसमोर उभी राहिले आणि चांगली हुंदके देऊन रडले. काय झालं म्हणून विचारायला कुणी आलं नाही. दोघंही ऐकत होते.